बावीस ओळींचा भाऊ

टार्नूफ, ८ फेब्रुवारी १९७७

प्रिय मिखालिना आत्या,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो. गुडघा कसा आहे? पाठवलेलं मलम लावतेस, की कपाटात ठेवून सगळ्यांना नुसतं दाखवतेस?

आज खास बातमी आहे, बसून वाच. आमचा कॅथलिक विश्वकोश अक्षरांच्या क्रमाने निघतो हे तुला माहीतच आहे. एक खंड निघतो, मग पुढच्यासाठी सरकारकडून कागद मिळेपर्यंत आम्ही सगळे म्हातारे होतो. तर आता तिसरा खंड, एफ ते एच, मे महिन्यात छपाईला जातोय. त्यात जी आलं, आणि जीमध्ये ग्रोहाल आलं. तुझा भाऊ, माझे हिएरोनिम काका, विश्वकोशात येताहेत. बावीस ओळी! सेमिनरीत लॅटिनमध्ये वर्गात पहिले होते, तेही त्यात घातलंय. त्याच पानावरच्या बिशप ग्रोब्लेव्स्कींना अठराच मिळाल्यात, त्यावरून इथे कुरकुर चालू आहे. मी इथे नोकरीला लागले तेव्हा तू विचारलं होतंस ना, की एवढे पाद्री एका छताखाली आहेत तर स्वयंपाक कोण करतं? स्वयंपाक अजून वाईटच आहे, पण पुस्तक चांगलं होतंय.

एकच गोष्ट हवी आहे. आमच्याकडे फक्त मृतांवर लेख घेतात. जिवंत माणूस कार्डिनल असला तरी त्याच्यावर एक ओळ नाही. फादर कालासांती, आमचे मुख्य संपादक, म्हणतात की जिवंत माणूस उद्या काय करून बसेल सांगता येत नाही, आणि छापलेलं पुसता येत नाही. त्यामुळे मृत्यूची तारीख लागते. तिकडून, रशियन छावण्यांतून, सुटून आलेल्या एकाने पूर्वी सांगितलं होतं की कारागांडाला १९५१ साली आपल्या भागातला एक पोलिश पाद्री वारला. मी तेच धरलंय. 'छावणी' हा शब्द वरच्या सेन्सॉर कचेरीतून पास होत नाही, पण कारागांडा वाचलं की ज्याला कळायचं त्याला कळतं. नात्यातलं कोणी दुजोरा दिला की झालं. दोन ओळी लिही, खाली सही कर. त्यांचा सेमिनरीतला फोटो असेल तर तोही पाठव.

तुझी लुदका


लिपोवा, १७ फेब्रुवारी १९७७

लुदके,

सदासर्वदा स्तुती असो. गुडघा दुखतो. मलमाला पेट्रोलचा वास येतो, म्हणून ते शेजारणीला दिलं, तिचा गुडघा बरा झाला.

माझा भाऊ मेला ही बातमी बत्तीस वर्षांत मला पोस्टमनने दिली नाही, पाद्र्याने दिली नाही, आईने स्वप्नात येऊनही दिली नाही. आता तू देतेस, आणि वर माझी सही मागतेस. "आपल्या भागातला एक पाद्री." आपल्या भागात पाद्री काय कमी होते? पंचेचाळीसच्या वसंतात त्याला रशियनांनी चर्चच्या दारातून उचललं तेव्हा त्याच ट्रकमध्ये आणखी तिघे पाद्री बसलेले मी डोळ्यांनी पाहिलेत.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळा देश टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतो, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. तू लहानपणी माझ्याकडे यायचीस तेव्हा त्या ताटाला हात लावला म्हणून तुला चापट बसली होती, आठवतं? ते ताट पाहुण्याचं नव्हतंच कधी. हिएरोनिमचं होतं. दर वर्षी मी कोबी-मश्रूम भरलेले पिएरोगी त्यात वाढते आणि दुसऱ्या दिवशी स्वतः खाते. मी त्याच्या मरणाखाली सही केली तर या नाताळला ते ताट कुठल्या तोंडाने मांडू?

तारीख न घालता छापता येत असेल तर छाप. नाहीतर राहू दे.

आणि लॅटिनमध्ये वर्गात पहिला, हे तुला कोणी सांगितलं? तो लॅटिनमध्ये दोनदा नापास झाला होता. घरी लपवलं होतं, मला तेवढं सांगितलं, आणि तोंड बंद ठेवायला मला एक लाल रिबन दिली. हे छापू नकोस. पण खोटंही छापू नकोस.

मिखालिना आत्या


टार्नूफ, ३ मार्च १९७७

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग वाईट वाटलं, मग फादर कालासांतींकडे गेले. ते म्हणाले, तारीख नाही तर लेख नाही. अक्षर एकदा गेलं की गेलं. जी पुन्हा यायला दुसरी आवृत्ती निघावी लागेल, आणि तेव्हा आपल्यापैकी कोणी नसेल.

आत्या, रागावू नकोस, पण मला बोलायचंय. पूर्वेकडचे आपले किती पाद्री गेले. आपल्या जुन्या गावाच्या, ओल्शानकाच्या, कबरस्तानात आता बटाटे लावतात असं तूच सांगितलंस. त्यांना क्रूस नाही, दगड नाही, मेणबत्ती लावायला जागा नाही. आमचं हे पुस्तक हीच त्यांची कबर आहे. ते खपल्यावर सरकार ते परत घेऊ शकत नाही, ते लोकांच्या घरात जाऊन बसतं. काकांना ती जागा मिळतेय आणि तू ती नाकारतेस. कशासाठी? एका ताटासाठी?

लॅटिनचं राहू दे. सेमिनरीच्या स्मरणिकेत तसंच छापलंय, त्यामुळे आमच्याकडे तेच धरतात.

आणखी एक खरं सांगते. आमच्याकडे लेखाखाली लेखकाची आद्याक्षरं छापतात. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे लेख कापतेय, जोडतेय, स्वल्पविराम घालतेय. हा माझा पहिला स्वतःचा लेख. खाली एल. जी. छापून येईल. आईला अजून सांगितलं नाही.

लुदका


लिपोवा, १५ मार्च १९७७

लुदके, बाळा,

म्हणजे तुला लेख हवाय आणि मला भाऊ. दोघींना हवं त्यात फरक आहे, एवढं तरी आता स्वच्छ झालं. मी तुला दोष देत नाही. तुझ्या वयाची असताना मला शिवणयंत्र हवं होतं आणि त्यासाठी मी देवाला काहीही कबूल केलं असतं.

पण ऐक. सरहद्द सरकली, ओल्शानका रशियात गेलं, आणि पंचेचाळीसच्या ऑक्टोबरात आम्हाला गुरांच्या डब्यात घालून इकडे पश्चिमेला पाठवलं. गाय, दोन कोंबड्या, आई आणि मी. आईने घराची किल्ली शेजारच्या ओरिस्याला दिली. म्हणाली, हिएरोनिम आला तर सांग, आम्ही पश्चिमेला गेलो, विचारत विचारत ये. पुढच्या वर्षी ओरिस्याचंही घर गेलं. किल्ली कुठे गेली देव जाणे. आता हिएरोनिम जिवंत असेल, सुटला असेल, तर कुठे लिहील? ओल्शानकाला. तिथे कोण आहे? बटाटे. पत्र परत जाईल, "या नावाचं कोणी नाही." मग तो काय समजेल? आम्ही मेलो असंच समजेल की. ज्याला घरच सापडत नाही त्याला मेला म्हणायचं, हा कुठला न्याय? त्या हिशोबाने त्याने आम्हालाही केव्हाच पुरलं असेल.

तू म्हणतेस ते पुस्तक कबर आहे. असेल. चांगली कबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या भावाला मी जिवंतपणी पुरू देणार नाही. त्याला मेलेला छापलात तर मी टार्नूफला येईन, छत्री घेऊन तुमच्या कचेरीच्या पायरीवर बसेन, आणि येणाऱ्या प्रत्येक पाद्र्याला विचारीन की माझ्या भावाचं प्रेत कुठे पाहिलंत. माझा आवाज कसा आहे तुला माहीत आहे.

आत्या


टार्नूफ, २ जून १९७७

प्रिय आत्या,

तू आली नाहीस त्याबद्दल गुडघ्याचे आभार. हे पत्र लिहायला मी दोन महिने टाळाटाळ केली, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

लेख जुळवून झालाय. मृत्यू १९५१, कारागांडा. सालापुढे मी प्रश्नचिन्ह घातलंय. फादर कालासांतींशी त्यासाठी भांडले. ते म्हणाले, एवढंच. मला याहून जास्त करता आलं नाही, आत्या. खरं सांगायचं तर जास्त करायचं मनातही नव्हतं. मला वाटतं ते गेलेत. मला वाटतं तूही मनातून जाणतेस.

छपाई मात्र थांबली. आमच्या वाट्याचा कागद कुठल्याशा मेळाव्याच्या माहितीपत्रकांना गेला. प्रूफं तेवढी निघालीत, नेहमीप्रमाणे बाहेरच्या वाचकांना तपासायला पाठवलीत. तो आमचा रिवाज आहे, प्रत्येक पान बाहेरचा एक जाणकार वाचतो. काकांचं पान सरहद्दीपलीकडे व्हिल्नोला फादर पोविलासांकडे गेलंय, पूर्वेकडच्या पाद्र्यांची त्यांना माहिती असते म्हणून. टपालाने अर्थातच नाही. एका बाईंच्या पिशवीत, वाळवलेल्या मश्रूमच्या पुडीभोवती गुंडाळून.

रागावलीस तर रागाव, पण लिही.

लुदका


लिपोवा, २० जून १९७७

लुदमिला,

प्रश्नचिन्हाला कोणी ताट वाढत नाही. तुमचं पुस्तक तुम्हाला लखलाभ. मला आता पत्र पाठवू नकोस.

मिखालिना ग्रोहाल


टार्नूफ, ११ नोव्हेंबर १९७७

आत्या,

तू नको म्हणालीस तरी लिहितेय. हे पत्र सिस्टर पेलागियाच्या हाती देतेय, टपालात टाकायची माझी हिंमत नाही. त्या तुझ्यासमोर बसतील. तू वाचेपर्यंत त्यांना उठू देऊ नकोस, आणि तूही उभी राहून वाचू नकोस.

मागच्या आठवड्यात काकांच्या पानाचं प्रूफ व्हिल्नोहून परत आलं. इतका उशीर झाला म्हणून आम्ही ते गेलं असंच धरलं होतं. उशीर का झाला ते फादर पोविलासांच्या चिठ्ठीत होतं. त्यांना लेख वाचून शंका आली. कारागांडाहून त्यांच्याकडे अधूनमधून एक जर्मन बाई येतात. त्या तिकडच्या एका म्हाताऱ्याबद्दल बोलतात, जो दिवसा बॉयलरमध्ये कोळसा घालतो आणि बाकीच्या वेळात लोकांच्या स्वयंपाकघरात गुपचूप मिस्साची प्रार्थना म्हणतो. बाई त्याला हिएरोनिम बाबा म्हणतात. आडनाव कोणी विचारत नाही, न विचारलेलं बरं. फादर पोविलासांनी ते पान त्या बाईंच्या हाती दिलं. म्हणाले, त्या बाबांना दाखवा, त्यांना हा ग्रोहाल माहीत आहे का विचारा.

आत्या, ते पान कारागांडाला गेलं आणि आलं. घडी पडून फाटायला आलंय, त्याला कोळशाचा आणि सूर्यफुलाच्या तेलाचा वास येतो. समासात पेन्सिलीने दुरुस्त्या आहेत. नीट, बारीक, प्रत्येक दुरुस्तीला रेघ ओढून. मी तुला जशाच्या तशा उतरवून देते.

"आईचे नाव अन्ना" यातलं अन्ना खोडून वर अनास्ताझिया.

"लॅटिनमध्ये वर्गात पहिला" यावर आडवी रेघ, आणि समासात: "दोनदा नापास. मिखालिनाला विचारा. तिला रिबन दिली होती."

"मृत्यू १९५१, कारागांडा" यावर दोन रेघा. प्रश्नचिन्हाभोवती गोल. समासात: "चूक. लेखकाने आधार द्यावा."

आणि अगदी खाली, जिथे माझी एल. जी. अक्षरं आहेत त्यांच्याजवळ: "हे जी. म्हणजे ग्रोहाल का? आमच्यातले? मिखालिना जिवंत आहे का? १९५६ साली घरी लिहिलं होतं, परत आलं. असेल तर पत्ता द्या."

रिबन, आत्या. ते मी कुठे लिहिलं नव्हतं. तू मला सांगितलंस, आणि मी खोटंच छापलं, आणि त्यांनी ते खोडलं.

मी पान घेऊन फादर कालासांतींकडे गेले. ते त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "लुदमिला, इतकी वर्षं झाली, पण इतकं स्वच्छ प्रूफ एकाही प्राध्यापकाने परत पाठवलं नाही." आणि लाल पेन घेऊन सगळा लेख कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खोडला. समासात लिहिलं: "नियमाप्रमाणे अपात्र. जिवंत." खाली सही. मग ते उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, आणि आम्ही सगळे उगाच कागद चाळत राहिलो.

आत्या, तुझ्या भावाला आम्ही विश्वकोशातून काढून टाकलंय. तू जिंकलीस. मी इतक्या आनंदाने कधीच हरले नव्हते. मला माफ कर.

तुझी लुदका


लिपोवा, १४ नोव्हेंबर १९७७

माझ्या सोन्या,

पेलागिया बाई अजून इथेच आहेत, त्यांना मी सोडलेलं नाही. तू सांगितलंस तसं बसूनच वाचलं. मग उठले आणि गुडघ्यासकट स्वयंपाकघरात नाचले. बाईंना धरून नाचले. त्या म्हणाल्या, मला मठात परवानगी नाही. मी म्हटलं, मठ लांब आहे.

रडलेही. लपवत कशाला? अनास्ताझियाच्या नावावर रडले. आईचं नाव त्याने सुधारलं बघ. स्वतःचं मरण खोडायच्या आधी आईचं नाव सुधारलं. असाच होता तो, आधी दुसऱ्याचं, मग स्वतःचं. म्हणूनच लॅटिन राहून जायचं.

आमच्या फादरना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, आज कुठला सण नाही, घंटा कशाच्या निमित्ताने वाजवू? मी म्हटलं, माझ्या नावाने वाजवा, आणि ओपोलेच्या बिशपांच्या कचेरीतून कोणी विचारलं तर म्हातारी वेडी झाली म्हणून सांगा. वाजवली. अर्धा गाव आग लागली म्हणून बादल्या घेऊन आला. मग सगळ्यांना चेरीची दारू पाजावी लागली, आणि बादल्यांतलं पाणी माझ्याच बागेत ओतून गेले.

माझा पत्ता त्याला प्रूफाच्या कागदावर लिहून पाठव. साध्या कागदावर नको. त्याला आता तुमच्या कागदावर भरवसा बसलाय.

माफी कसली मागतेस? तुझा तो हट्टी लेख नसता तर कागद कारागांडाला गेलाच नसता. मी बत्तीस वर्षं ताट मांडत बसले, आणि तू त्याला मेला म्हणून लिहिलंस तेव्हा कुठे तो "मी जिवंत आहे" म्हणून बोलला. आता यात मी बरोबर होते की तू, ते देवाने बघावं. मला वाटतं मीच. पण तुझा पहिला लेख गेला, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुझी आत्या


टार्नूफ, ६ मार्च १९७९

प्रिय आत्या,

खंड निघाला! तुझी प्रत सिस्टर पेलागियाच आणतील. नाचायचं नाही असं त्यांनी आधीच बजावलंय.

कागद अखेर मिळाला तेव्हा नवाच घोळ झाला. सगळा खंड जुळवून तयार, आणि मधोमध बावीस ओळींचं भोक. पुढची सगळी पानं हलवायची तर पुन्हा महिने गेले असते. फादर कालासांती म्हणाले, खालचा लेख वाढवा. खालचा लेख होता ग्रोमनिका, दोन फेब्रुवारीच्या सणाची आपली मेणबत्ती. दहा ओळींचा, रुक्ष. कोणाकडे वाढवायला काही नव्हतं. म्हणून मी तुला मागच्या वर्षी विचारत होते की ओल्शानकात ती मेणबत्ती पेटती ठेवून घरापर्यंत कशी नेता, तुळईवर धुराने क्रूस कसा काढता, गडगडाट झाला की खिडकीत का लावता. तुला वाटलं मी सहज विचारतेय. तू म्हणालीस, पोरीला अचानक भक्ती कशी सुचली.

लेखाखाली बघ. एल. जी. तेवढीच जागा, त्याच बावीस ओळी. आईला दाखवलं. ती म्हणाली, अक्षरं फार बारीक आहेत.

काकांच्या निमंत्रणाचे कागद पुन्हा भरलेस का? तिसऱ्यांदा नाकारले म्हणून सोडू नकोस.

लुदका


लिपोवा, २७ डिसेंबर १९७९

लुदके,

येशूची स्तुती असो, आणि तुझा ताप उतरो. नेमका नाताळला आजारी पडायचा मुहूर्त तूच काढू शकतेस.

तो आला. चौथ्या वेळी कागद पास झाले. मी ओपोलेच्या स्टेशनवर उभी होते, आणि गाडीतून एक म्हातारा उतरला, फाटक्या टोपीचा, हातात दोरीने बांधलेली पेटी. मी म्हटलं हा नाही. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "रिबन कुठाय?" मग काय झालं ते मी लिहीत नाही. स्टेशनमास्तरने खुर्च्या आणून दिल्या.

पहिला तारा दिसला तशी आम्ही टेबलावर बसलो. पवित्र पोळी मोडून एकमेकांना दिली. हिएरोनिम त्याच ताटावर बसला. मी पिएरोगी वाढले. त्याने एक खाल्ला आणि म्हणाला, "मीठ कमी आहे." चौतीस वर्षं मी ते स्वतः खात होते, मला कधी कमी वाटलं नाही. मग त्याने आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "जास्तीचं ताट कुठाय? रिवाज विसरलीस का?" मला उठून नवं ताट काढावं लागलं. ते या वर्षी तुझं होतं. पिएरोगी डब्यात घालून पेलागिया बाईंकडे दिलेत, ताप उतरल्यावर खा.

जेवणानंतर मी खंड काढला. आमच्या फादरनी मोठ्याने वाचायला घेतलं, पण हिएरोनिमने त्यांच्या हातून घेतला. पान काढलं. वरती बिशप ग्रोब्लेव्स्की, अठरा ओळी. खाली तुझी ग्रोमनिका. त्याने दोघांच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. कोळशाने काळं झालेलं बोट, आता धुऊनही निघत नाही. म्हणाला, "बघा सगळे. इथे मी नाही." आणि असा हसला की टेबल हललं. शेजारीण टाळ्या वाजवायला लागली, मग सगळेच. विश्वकोशात नसल्याबद्दल कोणाला इतक्या टाळ्या मिळाल्या नसतील.

तो परत जाणार आहे. आधीच सांगते, म्हणजे तू मला समजवायला लागणार नाहीस. माझं रडून झालं, भांडून झालं. म्हणतो, छप्पन साली सुटलो तेव्हा घर नाही असं कळलं, म्हणून राहिलो. आता घर आहे हे कळलं, पण तिकडे लोक स्वयंपाकघरात वाट बघतात, ते त्यांचं घर. मी म्हटलं, मग माझं काय? म्हणाला, तू ताट मांडत जा, मी येत जाईन.

तुमच्या फादर कालासांतींचं पत्र त्याला मिळालंय. के अक्षरात कारागांडावर लेख हवाय, तिथल्या चर्चवर, आणि तो त्यानेच लिहावा, खाली एच. जी. अशी सही. हिएरोनिम म्हणाला, छापतील का? मी म्हटलं, आज नाही छापणार. कागद नाही, सेन्सॉरचा शिक्का नाही. पण अक्षरं क्रमाने येतात, के येणारच आहे. अजून आय आहे, जे आहे. त्यांच्या वेगाने दहा वर्षं तरी जातील. तोवर बाकीचंही बदलेल.

त्याने हिशोब केला, मान हलवली आणि म्हणाला, "मग मरायला वेळ नाही." आणि आत्ता, हे पत्र लिहितेय तेव्हा, तो माझ्यासमोर बसून लिहितोय. जीभ बाहेर काढून, शाळेतल्यासारखा. मघापासून दोनदा विचारलंय, मिखालिना, लॅटिनमध्ये अमुक शब्द कसा लिहितात. मी म्हटलं, मला काय विचारतोस, सेमिनरीच्या स्मरणिकेत तर तूच वर्गात पहिला होतास.

तुझी आत्या मिखालिना